लपवू नका, दवाखान्यात आणा

मुलाच्या खिशात पुडी सापडली, मुलीच्या पर्समध्ये झोपेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली, की बहुतेक घरांत पहिला निर्णय एकच होतो: बाहेर कुणाला कळता कामा नये. मग मोबाइल काढून घेतला जातो, गाडीची किल्ली लपवली जाते, गावी मामाकडे पाठवायचं ठरतं, देवासमोर शपथ घ्यायला लावली जाते. दवाखान्याचं नाव मात्र कुणी काढत नाही, कारण दवाखान्यापाठोपाठ पोलीस दारात येतील असं सगळ्यांनाच वाटत असतं. हे आवाहन त्या पहिल्या निर्णयाविरुद्ध आहे. ज्या घरात असं काही सापडलं आहे, त्या घरानं हे शेवटपर्यंत वाचावं आणि याच आठवड्यात मुलाला घेऊन डॉक्टरकडे जावं.

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशनाचं काम करते. आमच्याकडे येणारे आईवडील वाईट नसतात, बेफिकीर तर मुळीच नसतात. ते उशिरा येतात. उशीर का झाला असं विचारलं की उत्तर प्रेमाचंच असतं: "पोराचं नाव खराब होईल, केस लागेल, नोकरी मिळणार नाही, बहिणीचं लग्न व्हायचंय." या भीतीला मी हसत नाही. आपला अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे १९८५चा एनडीपीएस कायदा, खरोखरच कडक आहे. पण त्याच कायद्यात व्यसनात अडकलेल्या माणसासाठी एक दार मुद्दाम उघडं ठेवलेलं आहे, आणि ते दार आहे हेच आपल्या लोकांपर्यंत पोहोचलेलं नाही.

ते दार म्हणजे कलम ६४-अ. व्यसनाधीन माणसावर सेवनाचा गुन्हा लागला असेल, किंवा कायद्याच्या भाषेत 'अल्प प्रमाण' म्हणतात तेवढ्याच मालाचं प्रकरण असेल, आणि तो स्वतःहून सरकारी, महापालिकेच्या किंवा सरकारमान्य रुग्णालयात वा केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच: उपचार पूर्ण करायचे. अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. याच कायद्याचं कलम ३९ न्यायालयाला आणखी एक मुभा देतं. अशा छोट्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला लगेच तुरुंगात न पाठवता, त्याच्या संमतीनं, बंधपत्रावर उपचारासाठी सोडता येतं. आणि ज्याच्यावर कसलाच गुन्हा नाही, जो नुसता ओपीडीच्या रांगेत येऊन बसला आहे, त्याला तर घाबरण्याचं काहीच कारण नाही. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं हा त्याचा हक्क आहे, असं २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट सांगतो. हा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे जडणाऱ्या मानसिक अवस्थांना आजाराच्या व्याख्येतच धरतो. म्हणजे तुमचं मूल कायद्याच्या नजरेत रुग्णही आहे. त्याला रुग्ण म्हणून पुढे आणायचं की आरोपी म्हणून समोर येईपर्यंत थांबायचं, हे बऱ्याच अंशी घराच्या हातात असतं.

मात्र हे दार अरुंद आहे, आणि घाई का करायची ते इथेच कळतं. कायदा ग्रॅममध्ये मोजतो. मेफेड्रोन, ज्याला सगळे एमडी म्हणतात, त्याचं अल्प प्रमाण दोन ग्रॅमच्या आत आणि व्यापारी प्रमाण पन्नास ग्रॅमच्या वर. गर्दसाठी, म्हणजे हेरॉइनसाठी, हेच आकडे पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम. गांजासाठी एक किलो आणि वीस किलो. अल्प प्रमाण सापडलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा. व्यापारी प्रमाणाला किमान दहा वर्षं, कमाल वीस, दंड लाखात, आणि कलम ३७मुळे जामीन मिळणं महाकठीण. या दोन टोकांमधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यात २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हीरा सिंग प्रकरणात ठरवून दिलं की वजन करताना शुद्ध अमली पदार्थ तेवढा धरायचा नाही, त्यात मिसळलेल्या भुकटीसह सगळं वजन धरायचं. रस्त्यावर मिळणाऱ्या पुडीत मूळ माल किती आणि भेसळ किती, हे घेणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं. शिक्षा मात्र दोन्हींच्या बेरजेवर ठरते.

आता हे आकडे एखाद्या कॉलेजच्या मुलाच्या आयुष्यात कसे सरकतात ते पाहा. सुरुवातीला मित्र देतो, फुकट. मग स्वतःच्या पैशानं. शरीराला सवय होते, तेवढ्यानं भागत नाही, प्रमाण वाढतं. खिसा पुरत नाही. मग पेडलर एक सोपी वाट दाखवतो: चार जणांचं तू घेऊन ये, तुझं तुला सुटेल. मुलगा चौघांसाठी आठ ग्रॅम आणतो. त्याच्या लेखी तो अजून 'फक्त घेणारा' असतो, धंदेवाला नसतो. कायद्याच्या लेखी त्यानं अल्प प्रमाणाची रेषा ओलांडलेली असते आणि ६४-अचं दार त्याच्यासाठी बंद झालेलं असतं. घरात गोष्ट दाबून ठेवण्यात जे महिने जातात, त्याच महिन्यांत मुलगा दोनावरून आठावर जातो. म्हणून मी 'याच आठवड्यात' म्हणते.

आणि माल लांबून येतो, आपल्या गावात कुठून येणार, या समजुतीत राहू नका. एमडीला शेत लागत नाही, अफूचं बोंड लागत नाही. लागतात ती रसायनं आणि एक शेड. २०१५च्या फेब्रुवारीत हा पदार्थ एनडीपीएस कायद्याच्या यादीत आला. त्याआधी तो त्या यादीबाहेर होता आणि मुंबईत पोरांच्या हाती सर्रास पोहोचत होता. २०२३मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि २०२४मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी एमडीचे कारखाने पकडले. कुरकुंभच्या तपासात जप्त झालेला माल शेकडो किलोंचा होता. दोन ग्रॅमचा हिशेब आठवा आणि मग शेकडो किलो म्हणजे किती घरं, याचा विचार करा.

यादीबद्दल आणखी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो फार घरं बुडवतो. कायद्याच्या यादीत काय आहे यावरून शरीराला काय घातक आहे हे ठरत नाही. दारू आणि तंबाखू एनडीपीएसच्या यादीत नाहीत. तरीही २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या पाच कोटी सत्तर लाखांवर लोकांना तिच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी २०१८च्या एप्रिलमध्ये यादीत आली. तिची सवय लागलेली माणसं त्याआधीही होतीच. उलट ब्युप्रेनॉर्फिन यादीत आहे, रस्त्यावर ते बाळगणं गुन्हा आहे, आणि तेच औषध रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली जिभेखाली दिलं की गर्द घेणाऱ्या माणसाला सावरतं. नातेवाईक आम्हाला विचारतात, "हे म्हणजे एका व्यसनाऐवजी दुसरं व्यसन नाही का?" नाही. त्या गोळीनं तळमळ थांबते, माणूस कामावर जाऊ लागतो, सुई आणि पुडीपासून दूर राहतो. ती महिनोन्‌महिने चालू ठेवावी लागली तर ठेवा. घाईनं बंद करायला लावू नका.

औषध दुकानदार बंधूंनो, आता तुमच्याशी. मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणून आणि छत्रपती संभाजीनगरात 'बटन' म्हणून जे विकलं जातं, ते कुठल्या जंगलातून येत नाही. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम ही चिंता आणि निद्रानाशासाठीची साधी, कायदेशीर औषधं आहेत आणि ती कुठल्या ना कुठल्या परवानाधारक कारखान्यातून, घाऊक व्यापाऱ्याकडून, दुकानातूनच बाहेर पडतात. अशा औषधांसाठी २०१४च्या मार्चपासून 'शेड्यूल एच-वन' लागू आहे. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत नोंदायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. तुमच्यातले कितीतरी जण हे इमानानं करतात, ते मी पाहिलं आहे. पण गल्लीत एकच दुकान चिठ्ठीशिवाय पाकीट देत असेल तर सगळ्या पोरांना ते एक दुकान पाठ असतं. संघटनेच्या बैठकीत त्या दुकानाचं नाव घ्या. जुन्याच चिठ्ठीवर चौथ्यांदा गोळ्या मागणाऱ्या मुलाला परत पाठवा आणि शक्य असेल तर एक वाक्य बोला: सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, जाऊन ये. मात्र या कडकपणात खऱ्या रुग्णाला हाकलू नका. कर्करोगाच्या वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला मॉर्फिन मिळावं म्हणून तर २०१४मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. त्याच्यावर संशय घेणं हाही अन्यायच.

जिम चालवणाऱ्यांनो, रक्तदाब वाढवणारं मेफेंटरमिनचं इंजेक्शन व्यायामाआधी टोचून घेणारी मुलं तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोसळलेला रक्तदाब सावरायला वापरायचं ते औषध आहे. ते देणारा तुमचा प्रशिक्षक असेल तर त्याला आजच काढा.

आता घरातल्या सर्वांत धोक्याच्या गोष्टीकडे येते. मुलाला खोलीत कोंडणं. "चार दिवस कडी लावू, तडफडेल आणि सुटेल," असं अजूनही मोठी, शहाणी माणसं सांगतात. कृपा करून हे करू नका. पदार्थ थांबला की शरीर जे भोगतं त्याला ही मुलं 'टर्की' म्हणतात, आणि प्रत्येक पदार्थाची टर्की वेगळी असते. रोज भरपूर दारू पिणाऱ्यानं ती एकाएकी सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसू लागतात आणि उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्याचंही तसंच. त्या एकदम तोडल्या तर फिट येते. त्या डॉक्टरांच्या हिशेबानं आठवड्याआठवड्याला उतरवत न्याव्या लागतात. गर्दच्या टर्कीत नाक गळतं, अंगावर काटा येतो, जुलाब होतात, हाडं कुणी पिळतंय असं वाटतं. धडधाकट माणूस त्यातून बहुधा मरत नाही. धोका त्यानंतर असतो. दहा-पंधरा दिवस बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, मुलगा बाहेर पडतो, जुन्या अंदाजानं तेवढंच घेतो आणि तेवढ्यानंच त्याचा श्वास थांबतो. कोंडून सुटलेली, तुरुंगातून सुटलेली, अर्धवट उपचार सोडून आलेली मुलं अशी जातात. एमडीचं आणखी निराळं. ते थांबलं की अंगापेक्षा मन कोसळतं, भयंकर उदासी येते, सगळे आपल्यावर टपले आहेत असा संशय येतो, मरणाचे विचार येतात. त्या दिवसांत बंद खोलीत एकटं पडलेलं पोर म्हणजे किती मोठं संकट, हे मला वेगळं सांगायला नको.

म्हणून हेही लक्षात ठेवा. कुणी हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास फार मंद चालत असेल किंवा घोरल्यासारखा अडकत असेल, ओठ निळसर पडले असतील, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या असतील, तर १०८ला फोन करा. त्याला कुशीवर वळवा, तोंडात पाणी किंवा लिंबू-सरबत घालू नका, अंघोळ घालू नका, एकटं सोडून जाऊ नका. आणि रुग्णालयात खरं सांगा. "काहीतरी खाल्लं असेल" असं म्हणण्यात मोलाची मिनिटं जातात. गर्द किंवा ट्रामाडॉलसारख्या पदार्थामुळे श्वास बसला असेल तर नालॉक्सोन नावाचं इंजेक्शन तो परत आणू शकतं, पण काय घेतलं आहे हे डॉक्टरला कळायला हवं. मित्रांनो, हे तुमच्यासाठीही लिहिते आहे. सोबतचा मुलगा बेशुद्ध पडला की घाबरून पळून जाऊ नका.

उपचार कुठे करायचे, हा पुढचा प्रश्न. इथेही सांभाळायला हवं. व्यसनमुक्तीच्या नावाखाली मारहाण करणारी, साखळीनं बांधणारी, महिनोन्‌महिने घरच्यांना भेटू न देणारी ठिकाणं आहेत. रात्री गाडी पाठवून पोराला उचलून नेतात आणि आईवडिलांना वाटतं, चला, कुणीतरी जबाबदारी घेतली. रुग्णाला साखळदंड घालणं कायद्यानं बंद आहे. व्यसनी माणसाला दाखल करून घेणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असली पाहिजे. दाखल करण्याआधी नोंदणीचा कागद मागा, मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि ते किती वेळा येतात ते विचारा, आतल्या खोल्या स्वतः पाहा, भेटीचे दिवस लिहून घ्या. जो कागद दाखवत नाही त्याच्या हवाली पोटचं पोर करू नका. मुलगा तयार नसेल आणि प्रकृती गंभीर असेल, तर त्यालाही कायद्यात रीतसर मार्ग आहे. तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, त्यानं नेमलेल्या किंवा कायद्यानं ठरणाऱ्या प्रतिनिधीच्या अर्जावर, मर्यादित दिवसांसाठी दाखल करता येतं. पण बहुतेकांना दाखल होण्याची गरजच नसते. जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, यांपैकी जे जवळ असेल तिथून सुरुवात होऊ शकते. त्याच एम्सच्या पाहणीत आढळलं होतं की अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या दर वीस जणांपैकी फक्त एकाला कधी ना कधी रुग्णालयात राहून उपचार मिळाले होते. ओपीडीच्या पायरीपर्यंतही न पोहोचणाऱ्यांमध्ये आपलं मूल नसावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

महाराष्ट्रानं हे एकदा करून दाखवलं आहे. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द शिरलं, तेव्हा लेखक अनिल अवचट त्या मुलांमध्ये जाऊन बसले, त्यांच्या घरांत गेले, आणि त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. त्यातून 'गर्द' हे पुस्तक झालं. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी १९८६मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, आणि त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे आर्थिक बळ घेऊन उभे राहिले. त्या वेळी एनडीपीएस कायदा जेमतेम वर्षाचा होता. लोकांनी शिक्षेच्या भीतीपलीकडे जाऊन मुलांना उपचारापर्यंत आणलं, आया उघडपणे बोलल्या, बरी झालेली मुलं पुढे दुसऱ्यांना धरून आणू लागली. आज तेवढाच, किंबहुना त्याहून मोठा लोंढा आपल्या गावांत आला आहे आणि आपण मात्र पडदे ओढून बसलो आहोत. मला याचं फार वाईट वाटतं.

पोलीस अधिकारी आणि वकील मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात मुलाला आणलं, की त्याच्या आईवडिलांना ६४-अ आणि ३९ ही दोन कलमं त्यांच्या भाषेत समजावून सांगा. सरकारकडेही एक साधी मागणी आहे: प्रत्येक पोलीस ठाण्यात, न्यायालयाच्या आवारात, कॉलेजच्या सूचना फलकावर आणि औषधांच्या दुकानात या कलमांचा मराठी मजकूर मोठ्या अक्षरांत लावा. 'ड्रग्जला नाही म्हणा' असे फलक पुष्कळ झाले. ज्यानं एकदा हो म्हटलं आहे त्यानं आता कुठे जायचं, हे सांगणारा फलक मला अजून कुठे दिसलेला नाही.

शेजाऱ्यांनो, नातेवाइकांनो, उपचार घेऊन आलेल्या मुलाला 'गर्दुल्ला' म्हणू नका. तो पुन्हा घसरला तरी म्हणू नका. घसरणं हा या आजाराचा भाग आहे, बरं होता होता अनेक जण एकदा तरी घसरतात, आणि तेव्हाच त्यांना दवाखान्यात परत यायला सर्वांत जास्त लाज वाटते. ती लाज आपण वाढवायची नाही.

फोननं सुरुवात करायची असेल तर व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६, आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६. विक्रीची माहिती कळवायची असेल तर १९३३. दवाखान्यात जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं, औषधाच्या बाटल्या, जुन्या चिठ्ठ्या सोबत घ्या. राहिलेली पुडी मात्र घेऊन फिरू नका. शेवटचं कधी आणि किती घेतलं, आधी कधी फिट आली होती का, काविळीचा किंवा हृदयाचा त्रास आहे का, हे कागदावर लिहून न्या. वडिलांनी एक दिवसाची रजा टाकावी आणि आईबरोबर स्वतः जावं. मुलाला डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्यानं बोलू द्यावं. आणि निघताना पुढची तारीख केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय ओपीडीतून बाहेर पडू नये.